नऊ सायकली आणि एक लाल दिवा

या गोष्टीइतकी खरी गोष्ट सगळ्या तालुक्यात सापडायची नाही. एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. फक्त सायकली मुळात अकरा होत्या, त्या नऊ केल्या आहेत, कारण अकरा माणसांची नावं सांगणाऱ्याच्या ध्यानात राहत नाहीत. खरं म्हणजे नऊचीही राहत नाहीत. चौघांची येतील. बाकीच्यांनी राग मानू नये.

तर गोदावरीच्या काठी नांदुरटेक नावाच्या एका गावात रायभान नावाचा एक गडी होता. उंच, हाडापेराने मजबूत, आणि मिशीला रोज तेल लावणारा. डोक्यावर केस फारसे उरले नव्हते, म्हणून सगळं तेल मिशीच्याच वाट्याला यायचं. गावापासून नऊ किलोमीटरवर साखर कारखाना होता. तिथे रायभान गव्हाणीवर कामाला होता. गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंड. आपण उसाच्या मोळ्या टाकायच्या आणि कारखान्याने त्या कराकरा खायच्या. असे सात हंगाम रायभानने कारखान्याला घास भरवले होते. पण कागदावर तो अजून हंगामीच होता. हंगाम संपला की कारखाना त्याला ओळखही दाखवायचा नाही.

गावातून कारखान्याला एकूण नऊ जण जायचे. नऊच्या नऊ सायकलवर, एकामागे एक, सकाळी साडेसहाला मारुतीच्या पारापासून निघायचे. हिवाळ्यात तिकडची थंडी काही विचारू नका. खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसतं. सायकलचं हँडल हाताला चावतं. सासू आणि सून एका शेकोटीला बसून एकमेकींशी गोड बोलतात, यावरून थंडी किती असेल ते ज्याचं त्याने ओळखावं.

ओळीत सगळ्यात पुढे रायभान. ही जागा त्याला कोणी दिली नव्हती, त्याने घेतली होती. डायनॅमोचा दिवा एकट्या त्याच्याच सायकलला होता. जोरात पायडल मारलं की झगझगीत उजेड, दमलं की काजवा. बाकीचे आठ जण आपल्या पुढच्याचं मागचं चाक बघत चालायचे. रस्त्यात काही आलं की रायभान ओरडायचा, "खड्डा." मग दुसरा तिसऱ्याला सांगायचा, "खड्डा." तिसरा चौथ्याला. असा तो खड्डा तोंडातोंडी शेवटापर्यंत पोचायचा. आठव्या नंबरावर लहानू नावाचा गडी होता. त्याला खड्ड्याची बातमी बहुधा खड्ड्यात असतानाच मिळायची.

हा नियम रायभानचाच. निरोप पुढून मागे जाईल, मागून पुढे काही येणार नाही. मागच्याला रस्ताच दिसत नाही, तर तो सांगणार काय, असं त्याचं म्हणणं होतं. ऐकायला बरं वाटतं. पुढे असणाऱ्यांची सगळीच म्हणणी ऐकायला बरी वाटतात.

आणि सगळ्यात शेवटी गिरजाबाई. पन्नाशीची बाई, नऊवारीचा काष्टा घालून नवऱ्याची जुनी उंच सायकल चालवायची. कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा तिच्या हातचा. हँडलला दुधाची किटली अडकवलेली, म्हणून ती सावकाश, म्हणून ती शेवटी. मागून उसाचे ट्रॅक्टर येतात, त्यांना ओळ दिसावी म्हणून शेवटच्या सायकलच्या कॅरिअरला एक बॅटरी बांधायची आणि तिला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळायचा, अशी रीत होती. ती लाल बत्ती गिरजाबाईकडे. पुढचा दिवा मानाचा, मागचा दिवा कामाचा. मानाच्या दिव्यावरून दोनदा भांडणं झाली होती. कामाचा दिवा बाईने आपणहून उचलला, तेव्हा कोणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

पौष महिना लागला आणि कारखान्याच्या फाटकावर एक कागद चिकटला. रायभानची शाळा चौथीपर्यंतच, तरी तो कागद त्याने एकट्याने वाचला आणि बाकीच्या आठांना दोनदा वाचून दाखवला. हंगामी कामगारांतून काही जण कायम करायचे ठरले आहेत. नांदुरटेकच्या नऊही जणांची नावं यादीत आहेत. येत्या सोमवारी आठच्या भोंग्याला साहेब फाटकाच्या आत हजेरी घेतील. भोंगा संपेपर्यंत जो आत, तो कायम. जो बाहेर, तो पुढच्या साली पुन्हा हंगामी.

रायभानच्या घरी त्या आठवड्यात दुसरा विषय निघाला नाही. त्याच्या बायकोने कायम नवऱ्याची बायको म्हणून शेजारणीशी वागायचा सराव रविवारपासूनच सुरू केला.

"उद्या जरा लवकर निघा," ती म्हणाली.

"कशाला? डोळे मिटून जाईन मी कारखान्याला."

"उघडून गेलात तरी चालेल," ती म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

रविवारी रात्री अवेळी पाऊस पडला. पौषातला पाऊस म्हणजे बिनबोलावलेला पाहुणा, यायचं कारण त्याचं त्यालाच ठाऊक. सकाळी पाऊस थांबला, पण सगळ्या शिवारावर धुकं बसलं होतं. साधंसुधं नाही. मारुतीच्या पारावरून मारुती दिसत नव्हता. गावाने मनातल्या मनात नमस्कार केला. वरून झिमझिम, खालून चिखल, आणि उत्तरेकडून बारीक धारदार वारा.

रायभान आला तो बांधलेल्या गाठोड्यासारखा. डोक्याला माकडटोपी, तिच्यावर मफलर, मफलरवर टॉवेल. उघडे होते ते फक्त दोन डोळे. मिशीसुद्धा आत गेली होती.

दुसऱ्या नंबरावर चालणारा म्हसू हात चोळत म्हणाला, "दादा, समोरचं काहीच दिसत नाही. कसं जायचं?"

"माझ्या मागं," रायभान टॉवेलाच्या आतून म्हणाला.

गिरजाबाई म्हणाली, "रायभान, बैलबाजारापाशी रस्ता खोदून ठेवलाय. तिथं जरा उतरून चालू."

"मावशी, तू किटली सांभाळ. रस्ता मी सांभाळतो."

निघाले. पहिले सहा किलोमीटर झकास गेले. धुक्यात सायकल चालवायची एक गंमत असते. आपण कुठे चाललोय ते कळत नाही, पण फार जोरात चाललोय असं वाटतं. खड्डा आला, निरोप मागे गेला, लहानू आदळला. चिखल आला, निरोप मागे गेला, लहानू घसरला. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

मग बैलबाजार आला. दर बुधवारी तिथे जनावरांचा बाजार भरतो. बाकीचे सहा दिवस ते मोठं मोकळं पटांगण असतं. झाड नाही, खांब नाही, एखादं चुकार वासरूही नाही. खोदलेला रस्ता चुकवून पटांगणातून जायचं आणि पलीकडे पुन्हा रस्त्याला लागायचं, एवढंच काम. रायभानने हँडल वळवलं आणि ओळीला घेऊन पटांगणात शिरला.

आणि रस्त्याची कड नाहीशी झाली. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं, समोर पांढरं. रायभान घाबरला. पण घाबरलेलं तोंड टॉवेलाच्या बाहेर दिसत नाही, हा टॉवेलाचा मोठा फायदा. तो अंदाजाने थोडा डावीकडे वळला. मग अजून थोडा. मग अजून.

तेवढ्यात समोर धुक्यात एक लाल ठिपका दिसला.

रायभानचा जीव भांड्यात पडला. लाल दिवा म्हणजे ट्रॅक्टरचा. या वेळेला इथे ट्रॅक्टर म्हणजे उसाचा. आणि उसाचा ट्रॅक्टर कारखान्याला नाही जाणार तर काय लग्नाला जाणार? विचार अगदी चोख होता. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचे विचार नेहमीच चोख असतात. पाचवीपासून घोळ सुरू होतो.

"ट्रॅक्टर सापडला," तो ओरडला. "या माझ्या मागं."

"ट्रॅक्टर सापडला," म्हसूने मागे सांगितलं. "ट्रॅक्टर सापडला," तिसरा म्हणाला. निरोप मागे मागे गेला आणि सगळ्यांना ऊब आली.

आता तो ट्रॅक्टर कुठला, हे सुज्ञांनी ओळखलंच असेल. ज्यांनी ओळखलं नसेल त्यांनी लाजू नये, रायभाननेही ओळखलं नव्हतं. डावीकडे वळता वळता तो आपल्याच ओळीच्या शेपटाशी आला होता. समोरचा लाल दिवा गिरजाबाईच्या कॅरिअरवरचा होता.

झालं. ओळीचं कडं बनलं. रायभान गिरजाबाईच्या मागे, गिरजाबाई लहानूच्या मागे, लहानू सातव्याच्या मागे, असे करत करत म्हसू पुन्हा रायभानच्या मागे. नऊ सायकली बैलबाजारात गोल फिरू लागल्या. बुधवारी बैल फिरवतात तशा.

पुढची मजा ऐका. गिरजाबाईने मान वळवली तर मागे एक पिवळा दिवा. तिला वाटलं, कोणाची तरी गाडी मागे लागली आहे. तिने जरा जोर लावला. लाल दिवा लांब जायला लागला तसा रायभान म्हणाला, हा ट्रॅक्टर निसटतोय. त्याने जोर लावला. जोर लावल्यावर डायनॅमो झगझगला. उजेड वाढला तशी बाईला गाडी आणखी जवळ आल्यासारखी वाटली. तिने अजून जोर लावला. मधल्या सातांना काहीच ठाऊक नव्हतं, पण पुढचा पळतोय म्हणजे आपणही पळावं, हे माणसाला शिकवावं लागत नाही. थंडी कुठल्या कुठे गेली. किटलीत दूध घुसळायला लागलं.

इतक्यात साडेसातचा लहान भोंगा झाला. लांब, बारीक. तो आधी रायभानच्या उजव्या कानाला ऐकू आला. मग पाठीमागून. मग डाव्या कानाला.

"दादा, भोंगा फिरतोय," म्हसू मागून म्हणाला.

रायभानलाही ते ऐकू आलं होतं. त्याच्या मनात शंका आली. ती दाराशी येऊन उभी राहिली, पण त्याने तिला आत घेतलं नाही. "धुक्यात आवाज फिरतो," तो म्हणाला. "पायडल मार."

गिरजाबाईचं तोंड मात्र उघडं होतं. तिच्याकडे मफलर नव्हता, पदर होता, आणि तो सारखा घसरत होता. कारखान्याला जाताना उत्तरेचा वारा डाव्या गालाला लागतो आणि घरी येताना उजव्या गालाला, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. गालच सांगायचे. आज वारा डाव्या गालाला लागला. मग नाकावर. मग उजव्या गालाला. मग मानेवर. मग पुन्हा डाव्या गालाला. बाई विचारात पडली. वारा फिरतो खरा, पण दळण दळल्यासारखा फिरत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "या माझ्या मागं, झालंच आता."

आवाज रायभानचा होता. ओळीतला सगळ्यात पुढचा माणूस तिच्या पाठीमागे ओरडत होता. बाईला सगळं एका क्षणात उमगलं. आधी तिला हसू आलं. मग भोंगा आठवला आणि हसू पळालं. पोरीचं लग्न ठरवताना पाहुण्यांनी तिला विचारलं होतं, नोकरी कायम का? तिने सांगितलं होतं, होईल. आणि ते होणं आत्ता बैलबाजारात गोल फिरत होतं.

"लहानू," ती ओरडली, "पुढं निरोप दे. आपण एकाच जागी फिरतोय."

लहानू म्हणाला, "मावशी, निरोप पुढून मागं येतो. मागून पुढं जात नाही."

"अरे, पण बुडतोय आपण."

"असेल. पण पुढून तसं काही आलेलं नाही."

आता अशा माणसाला काय म्हणावं? काही म्हणू नये. गिरजाबाईनेही म्हटलं नाही. तिने दोन्ही ब्रेक दाबले, खाली उतरली आणि किटली धरून मध्येच उभी राहिली.

रायभानला दिसलं की ट्रॅक्टर थांबला. त्याला राग आला. आठचा भोंगा तोंडावर, आणि हा रस्त्यात थांबतो. तो भरधाव लाल दिव्याशी जाऊन थांबला आणि गरजला, "ओ पाव्हणं, रस्त्यात काय थांबता? आम्हाला आठच्या आत कारखान्यात पोचायचंय."

धुक्यातून ट्रॅक्टर वळला. त्याच्या हातात दुधाची किटली होती.

"मलाबी," गिरजाबाई म्हणाली.

रायभानचे दोन डोळे उघडे होते, तेवढेच विस्फारले. बाकीचं काय झालं ते टॉवेलाला ठाऊक. त्याने लाल दिव्याकडे पाहिलं. बाईकडे पाहिलं. खाली पाहिलं. चिखलात चाकांचा एक गोल चर पडला होता, गाढवं फिरवून काढावा तसा.

बाई हळू आवाजात म्हणाली, "म्हसू मागंच आहे. त्याला अजून काही कळलेलं नाही. सांग त्याला, ट्रॅक्टर बंद पडला. मी वाट सांगते, तू पुढं हो. तुझं पुढारपण तुझ्यापाशी राहील."

पाहा, बाईने किती सोय करून दिली. खोटंसुद्धा तयार, घडी घालून हातात. रायभानने फक्त उचलायचं होतं. आणि त्याने ते उचललंही. कोणीही उचललं असतं. त्याने मफलर खाली ओढला आणि तोंड उघडलं, "म्हसू, ट्रॅक्टर..."

तेवढ्यात म्हसूने सायकल थांबवली. धापा टाकत तो म्हणाला, "दादा, तू होतास म्हणून बरं. नाहीतर आज आम्ही हरवलो असतो."

रायभानचं तोंड तसंच उघडं राहिलं. शिवी दिली असती तर त्याने परत दिली असती. पण हा शब्द त्याला बाभळीच्या काट्यासारखा रुतला. म्हसूच्या भुवयांवर दव साचलं होतं, नाक लाल झालं होतं, आणि तो खरोखरच्या भरवशाने बघत होता. चुकलेल्या माणसाकडे कोणी विश्वासाने बघायला लागलं की त्याला अंग चोरावं लागतं. इथे तर चुकलेला रायभान होता आणि म्हसूचा विश्वास खरा होता.

त्याने टोपी काढली. टक्कल थंडीत उघडं पडलं. आणि तो रोजच्याच आवाजात म्हणाला, "चुकलो."

म्हसूला तो निरोप वाटला. पुढून आलेला निरोप मागे द्यायचा, एवढं त्याला ठाऊक. तो मागे वळून ओरडला, "चुकलो." तिसऱ्याने चौथ्याला सांगितलं, "चुकलो." चौथ्याने पाचव्याला. पाचव्याला वाटलं माफी मागायची आहे, म्हणून त्याने सायकल मांडीला टेकवून हातही जोडले. सहावा म्हणाला, "चुकलो," आणि नंतर स्वतःशीच पुटपुटला, "पण मी काय केलं?" असा तो शब्द धुक्यातून गोल फिरत फिरत लहानूपर्यंत आला.

लहानूने मान वळवली आणि इमानदारीने सांगितलं, "मावशी, पुढून निरोप आलाय. चुकलो."

"कोण चुकलं?" बाईने विचारलं.

"ते निरोपात नाही आलं."

"मी चुकलो," बाईच्या पाठीमागून रायभान म्हणाला.

लहानूने किंकाळी फोडली. पुढच्या माणसाचा आवाज मागून आला, म्हणजे त्याला वाटलं रायभान गेला आणि हे त्याचं भूत. भुताने त्याला जवळ बोलावून चिखलातला चर दाखवला. मग एकेक जण सायकल हातात धरून आला. एकेकाने चर पाहिला, लाल दिवा पाहिला, रायभानचं टक्कल पाहिलं. मग म्हसूला पहिलं हसू फुटलं. ते त्याच रस्त्याने गोल फिरलं. आठ जण पोट धरून हसत होते, आणि नववा, म्हणजे रायभान, सगळ्यांत मोठ्याने.

"हसा, पण चालत हसा," गिरजाबाई म्हणाली. "वीस मिनिटं उरली. तोंडावरचं सगळं काढा. डाव्या गालाला थंडी वाजली पाहिजे. ज्याच्या डाव्या गालाला वाजणार नाही, त्यानं सांगायचं. पुढं सांगायचं."

"पुढं?" लहानूने रायभानकडे पाहिलं.

"पुढं," रायभान म्हणाला. त्याने बाईच्या कॅरिअरवरची लाल बत्ती सोडली आणि स्वतःच्या कॅरिअरला बांधली. डायनॅमोचा दिवा काढून तो बाईला देऊ लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "वारा दिव्यानं दिसत नाही."

आणि ओळ निघाली. पुढे गिरजाबाई, शेवटी रायभान. नऊ डावे गाल वाऱ्याला दिलेले. मधेच कोणी ओरडायचं, "माझ्या नाकाला लागतोय," तो शब्द पुढे जायचा आणि बाई जराशी वळायची. असं करत पटांगण संपलं, चाकाखाली डांबर आलं, आणि मळीचा ओळखीचा कुबट वास आला. एरवी त्या वासाला सगळे नाक दाबतात. त्या दिवशी म्हसूने तो अत्तरासारखा ओढून घेतला.

कारखान्याचं फाटक दीडशे पावलांवर आलं आणि रायभानची चेन पडली.

चिखलाने भरलेली चेन. बोटं बधिर झालेली. एकदा बसवली, पुन्हा पडली. धुक्यातून आठचा मोठा भोंगा सुरू झाला. पूर्ण एक मिनिट वाजतो तो, जास्त नाही. पुढच्या आठ सायकली धुक्यात विरत चालल्या होत्या. कालचा रायभान असता तर गप्प बसून दात ओठ खात चेन बसवत राहिला असता, कारण अडचण मागून पुढे सांगायची नाही हा त्याचाच नियम. आजचा रायभान सगळा जीव एकवटून ओरडला, "चेन पडली."

"चेन पडली," लहानू पुढे ओरडला. तोंडातोंडी तो शब्द बाईपर्यंत गेला, आणि तितक्याच वेगाने तिचं उत्तर मागे आलं. धुक्यातून लहानूचा आवाज रायभानला ऐकू आला, "सायकल खांद्यावर घे आणि पळ."

हे साधं उत्तर रायभानला सुचलं नव्हतं. आपल्याच अडचणीवर वाकलेल्या माणसाला ते सुचत नाही. त्याने सायकल खांद्यावर मारली आणि धावत सुटला. भोंगा वाजतोय, चाक हवेत फिरतंय, पाठीवर लाल दिवा लटकतोय. फाटकावरच्या रखवालदाराने आयुष्यात पहिल्यांदा माणसावर बसून येणारी सायकल पाहिली. भोंगा घरघरत शेवटाला आला, तेव्हा रायभानचा एक पाय आत होता. भोंगा थांबला, तेव्हा दुसराही आत होता. सायकलचं मागचं चाक बाहेरच राहिलं, पण सायकलला कायम व्हायचं नव्हतं.

साहेबाने नऊ नावांवर नऊ खुणा केल्या. गिरजाबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, धुरामुळे. तिथे धूर नव्हता.

साहेब म्हणाला, "रायभान, तुम्ही तर नेहमी सगळ्यांच्या पुढे असता. आज शेवटी?"

"आज सकाळपासून शेवटीच होतो, साहेब," रायभान म्हणाला. "कळायला जरा उशीर झाला."

त्या दिवशी कँटीनमध्ये गिरजाबाईने चहा केला, तो अर्ध्या लोण्याचा लागत होता. घुसळलेल्या दुधाचं दुसरं काय होणार? तरी सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले. बैलबाजाराची गोष्ट दुपारपर्यंत बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत पोचली होती, आणि तिचा प्रसार करण्यात रायभान स्वतः सगळ्यांच्या पुढे होता. प्रत्येक वेळी सांगताना तो दोन फेऱ्या वाढवत होता.

चौथ्यांदा गोष्ट सांगून झाली तेव्हा त्याची मिशी पुन्हा वर गेली होती. बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "मावशी, एक मात्र तुला मान्य करावं लागेल. चुकलो असेन मी. पण एवढ्या धुक्यात, एवढ्या थंडीत, एकदा तरी थांबलो का?"

गिरजाबाईने त्याच्या बशीत उरलेला चहा ओतला.

"तू थांबत नव्हतास," ती म्हणाली, "म्हणूनच मला थांबावं लागलं."

तात्पर्य: जो पुढे चालतो त्याला वाट ठाऊक असतेच असं नाही, म्हणून त्याने एक कान सदा मागे ठेवावा, आणि 'चुकलो' हा शब्द दुसऱ्याने काढायच्या आत आपल्याच तोंडून काढावा.